घरच्या संगणकाचे दप्तर

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाच्या घरी नवा संगणक आला. यंत्र मेजावर मांडून, त्याला वीज व इंटरनेट जोडून होते न होते तोच पुतणीने मला विचारले, "काका, ह्यात वर्ड आहे ना?" तिला जाणून घ्यायचे होते ते एवढेच की, महाविद्यालयाचा प्रकल्प ह्या यंत्रावर लिहिता येईल की नाही, परंतु लिहिण्यासाठी तिच्या ओठांवर आलेला शब्द हे एका कंपनीच्या विक्रीच्या मालाचे नाव होते, आणि ही गोष्ट तिच्या ध्यानीही नव्हती. सत्तावीस वर्षे सरकारी कचेरीत मसुदे करण्यात, टिपणे लिहिण्यात आणि जुन्या दप्तरांची बांधाबांध पाहण्यात घालवलेल्या मला ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देववेना. त्या दिवशी सुरू झालेला शोध दोन महिने चालला. त्यात जे पाहिले, पडताळले आणि ठरवले ते येथे मांडतो, कारण आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न ह्याच शब्दांत विचारला जात आहे.

ऑफिस ह्या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीला मराठीत दप्तर म्हणणे मला अधिक समर्पक वाटते. दप्तर म्हणजे नुसते लिहिण्याचे साधन नव्हे. लिहिलेले जेथे राहते, हवे तेव्हा सापडते आणि पुढच्या पिढीला वाचता येते, ती सारी व्यवस्था म्हणजे दप्तर. पुण्यात पेशवे दप्तराचे रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांतला कागद टिकला, शाई टिकली, परंतु मोडी वाचणारे उत्तरोत्तर विरळ होत गेले आणि त्यामुळे हाती असलेला दस्तऐवजही बहुसंख्य मराठी माणसांना मुका झाला. घरच्या संगणकासाठी दप्तर निवडताना हीच कसोटी मी प्रथम धरली: आज लिहिलेला कागद वीस वर्षांनी आपल्याच माणसांना वाचता येईल काय?

ह्या प्रणालींचा पूर्वेतिहास फार दीर्घ नाही. १९७८ साली वर्डस्टार आणि १९७९ साली व्हिझिकॅल्क बाजारात आले. पहिल्याने टंकलेखकाचे काम उचलले, दुसऱ्याने जमाखर्चनिसाचे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन ह्या दोघांनी रचलेल्या व्हिझिकॅल्कची खुबी अशी की, तक्त्यातला एक आकडा बदलला असता त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. आणि मार्चअखेरीस अंदाजपत्रकाच्या शेवटच्या रकान्यातली बेरीज चुकली म्हणून ज्याने अख्खा ताव पुन्हा लिहून काढला असेल, त्याला ह्या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. १९८३ साली लोटस १-२-३ आले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे वर्ड आले, १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशसाठी एक्सेल आले, आणि १९८७ साली दुसऱ्या एका कंपनीने तयार केलेले पॉवरपॉइंट मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीसह विकत घेतले. हे तीन सुटे ग्रंथ १९८९ साली मॅकिंटॉशसाठी व १९९० साली विंडोजसाठी एका वेष्टनात बांधून विकावयास निघाले, तेव्हा ऑफिस हे नाव रूढ झाले. आपल्याकडे ते घरोघर पोचले ते मात्र वेगळ्या वाटेने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्याच्या नोकरीसाठी आवश्यक ठरला, तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रे निघाली, आणि तेथे लक्षावधी तरुणांनी संगणकाची पहिली ओळख वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट ह्या त्रयीतून करून घेतली. पुतणीच्या प्रश्नाचे मूळ ह्या वहिवाटीत आहे, आणि वहिवाट ही कधीही क्षुल्लक गोष्ट नसते; शिकलेला हात शिकलेल्या जागीच कळ शोधतो.

तथापि घराची गरज आणि कचेरीची गरज ह्यांत अंतर आहे. आमच्या भावाच्या घरी ह्या यंत्रावर काय काय होणार ह्याची यादी मी प्रथम केली. पुतणीचे प्रकल्प व निबंध, वहिनींच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका व निकालपत्रके, भावाकडे असलेला गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसपदाचा कारभार, म्हणजे सर्वसाधारण सभेची सूचना, इतिवृत्त, देखभाल वर्गणीची थकबाकी, घरखर्चाचा रोजमेळ, प्राप्तिकराच्या विवरणापूर्वीची आकडेमोड, लग्नकार्याच्या आमंत्रितांची यादी, आणि तहसील कचेरीपासून विजेच्या कंपनीपर्यंत वेळोवेळी करावयाचे अर्ज. आजचे एक्सेल एका पानावर १०,४८,५७६ ओळी मांडू देते. घरच्या रोजमेळाला वर्षभरात हजार ओळीही लागत नाहीत. ह्या यादीतले एकही काम असे नाही की जे बाजारातली कोणतीही प्रौढ प्रणाली करणार नाही. म्हणून गुणांची तुलना करीत बसण्याऐवजी खर्च, कागदाचा ताबा आणि मराठी लिहिण्याची सोय ह्या तीन गोष्टींवर निवड करावी, असे माझे मत झाले.

पहिली तपासणी यंत्राच्या खोक्यावरच करावी. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांबरोबर ऑफिसची घरगुती वापराची आवृत्ती यंत्राच्या किमतीतच मिळते. ती कायमची असते आणि पहिल्या वापराच्या वेळी आपल्या खात्याशी जोडून घ्यावी लागते. कित्येक यंत्रांवर मात्र केवळ मुदतीचा नमुना घातलेला असतो, आणि मुदत सरल्यावर पैशांचा तगादा सुरू होतो. ह्या दोहोंतला भेद बिलावर लिहून घेतल्यावाचून दुकान सोडू नये. जे विकत घेऊ इच्छितात त्यांना दोन मार्ग आहेत. एकरकमी किंमत देऊन घेतलेली प्रत, जशी ऑफिस २०२४, एका यंत्रावर चालते आणि आहे तशी राहते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ह्या नावाची वार्षिक वर्गणी भरली तर नव्या सुधारणा मिळत राहतात, आणि कुटुंबाच्या वर्गणीत सहा माणसे व प्रत्येकाला १ टीबीचे भांडार मिळते. मोठ्या, विखुरलेल्या कुटुंबाला हा हिशेब परवडूही शकतो. परंतु वर्गणी थांबली की आपलेच कागद उघडता येतात, वाचता येतात, छापता येतात. त्या प्रणालीत त्यांतले एक अक्षर बदलता येत नाही. स्वतःच्या घरात भाडेकरू होऊन राहण्यासारखी ही अवस्था ज्यांना मान्य असेल त्यांनीच तो मार्ग धरावा. एकरकमी प्रतही खऱ्या अर्थाने कायमची नसते. ऑफिस २०१६ व २०१९ ह्या आवृत्त्यांची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि तेव्हापासून त्यांतील छिद्रे बुजवणारे कोणी नाही. केवळ अधूनमधून वर्डचा कागद उघडायचा असेल त्याच्यासाठी ब्राउझरमधून चालणारी विनामूल्य आवृत्ती व ५ जीबी जागा मायक्रोसॉफ्ट देते, आणि तेवढ्याने पुष्कळांचे काम भागते. ज्यांनी ॲपलचे यंत्र घेतले असेल त्यांच्या यंत्रावर पेजेस, नंबर्स व कीनोट विनामूल्य असतातच.

येथे एका वाईट वहिवाटीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. "सगळं टाकून देतो, साहेब," हे वाक्य संगणक विकणाऱ्याच्या तोंडून ज्याने ऐकले नाही असा ग्राहक विरळा. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा संगणक एका दुकानदाराने असाच सगळे टाकून दिला. प्रणाली चोरीची आहे हे आम्हांला कळले ते एके सकाळी सर्व कागदांची नावे बदललेली दिसली आणि ते सोडवून घेण्यासाठी पैशांची मागणी पडद्यावर झळकली तेव्हा. तीन वर्षांची खतावणी बँकेच्या पुस्तकांवरून व जुन्या पावत्यांवरून पुन्हा उभी करताना संस्थेच्या खजिनदारांचे डोळे व उन्हाळा दोन्ही खर्ची पडले. शिवाय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रणाली जाणूनबुजून वापरणारास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड सांगितला आहे; नफ्यासाठी वा व्यापारधंद्यात वापर नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. विनामूल्य आणि निर्वेध पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

तो पर्याय म्हणजे लिब्रेऑफिस. त्याची वंशावळ थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जर्मनीत मार्को ब्योरिस ह्या तरुणाने १९८५ साली स्थापन केलेल्या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले, २००० साली त्याचा मूळ पाठ सर्वांसाठी खुला केला, आणि ओपनऑफिस ह्या नावाने ते जगभर पसरले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली; कारभाराविषयी शंका वाटून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढून लिब्रेऑफिस चालवावयास घेतले. जुने ओपनऑफिस आजही मिळते व त्याचे नाव पुष्कळांच्या स्मरणात आहे, परंतु त्याची शेवटची मोठी आवृत्ती २०१४ सालची. ते घेऊ नये. लिब्रेऑफिसच्या नव्या आवृत्त्या मात्र वर्षातून दोनदा निघतात. त्यात लिहिण्यासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस आणि शिवाय चित्रे, सूत्रे व माहितीसाठा ह्यांची दालने आहेत. त्याला खाते लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटही लागत नाही. अशा फुकटच्या वस्तूवर विसंबावे काय, अशी शंका वडीलधारी माणसे घेतात. केरळच्या सरकारी शाळांतून खुल्या प्रणालींवर व ह्याच दप्तरावर मुले शिकत आहेत, आणि जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन ह्या राज्याने २०२४ साली आपल्या सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर हेच बसवण्याचा निर्णय जाहीर केला. घरातल्या एका यंत्राला एवढा आधार पुरेसा आहे.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. वर्डमध्ये बारकाईने मांडलेला कागद, विशेषतः चौकटी, तरंगती चित्रे व गुंतागुंतीचे तक्ते असलेला, रायटरमध्ये उघडला की कोठे ओळ पुढच्या पानावर सरकते, कोठे तक्ता समासाबाहेर जातो. एक्सेलमध्ये रचलेल्या स्वयंचलित आज्ञा कॅल्कमध्ये चालतीलच असे नाही. वहिनींच्या शाळेकडून निकालपत्रकाचा जो नमुना येतो त्यात अशा आज्ञा होत्या, आणि त्यांतली टक्केवारी काढणारी कळ आमच्याकडे मुकाट राहिली. ज्यांच्या पोटापाण्याचे काम अशा नमुन्यांवर चालते त्यांनी मूळ ऑफिसच घ्यावे. तेथे पैसे वाचवणे हा खोटा हिशेब ठरेल.

इंटरनेटवर चालणाऱ्या दप्तरांचा विचार वेगळा करावा लागतो. गूगल डॉक्सचा मोठा गुण असा की, एकाच कागदावर चौघे चार गावांहून एका वेळी लिहू शकतात. आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा ह्या रीतीने एका रात्रीत सिद्ध झाला. दुसरा गुण मराठीला विशेष लाभदायक आहे: आपण बोलावे आणि त्याने मराठीत उतरून घ्यावे ही सोय त्यात आहे, आणि टंकनाचा सराव नसलेल्या वृद्धांसाठी ती वरदान ठरली आहे. विरामचिन्हे मात्र हातानेच द्यावी लागतात, आणि घरगुती बोलीतले शब्द त्याला पुष्कळदा उमगत नाहीत. चेन्नईच्या झोहो ह्या भारतीय कंपनीचेही असेच दप्तर २००५ पासून चालू आहे. २०२५ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना ते वापरण्याचा आदेश दिल्यापासून त्याची चर्चा वाढली आहे. दोन्ही चांगली आहेत. पण दोन्हींत कागद आपल्या घरी नसतो. गूगलची विनामूल्य १५ जीबी जागा टपाल, छायाचित्रे व कागद ह्या तिहींत मिळून आहे, ती भरली की अडते. आणि दोन वर्षे न वापरलेले खाते पुसून टाकण्याचा नियम त्या कंपनीने केला आहे. घरातला कर्ता गेला आणि त्याच्या खात्याची किल्ली कोणापाशी नसली, तर विम्याच्या नोंदी, येणी-देणी, मृत्युपत्राचा मसुदा हे सारे त्याच्याबरोबरच जाते. सात-बारावर वारसनोंद करतो तशी नोंद ह्या खात्यांवरही करता येते; बंद पडलेल्या खात्याचा ताबा कोणास द्यावा हे गूगलच्या खात्यात आधीच लिहून ठेवण्याची तरतूद आहे, आणि ती प्रत्येकाने आजच वापरावी.

आता मराठीचा प्रश्न, आणि माझ्या मते साऱ्या निवडीचा गाभा येथे आहे. आमचे थोरले काका निवृत्तीनंतर अकरा वर्षे कुलवृत्तान्त जमवीत होते. तळकोकणातली गावे, देवस्थानांच्या सनदा, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, सारे पाहून त्यांनी २१२ पानांचा मजकूर १९९८ साली एका संगणकावर टंकून घेतला आणि फ्लॉपीवर ठेवला. पुढे चुलतभावाने तो सीडीवर उतरवला. काका गेले. पुतणीच्या नव्या यंत्रावर ती सीडी जोडून पहिला कागद उघडला तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते: रोमन अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे, डॉलरची खूण, ह्यांची ओळीवर ओळ. कारण असे की, त्या काळी मराठी फॉन्ट बनवणारा प्रत्येक जण रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवीत असे, आणि कोणत्या जागी कोणती आकृती ह्याचा प्रत्येकाचा जाबता निराळा. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. मराठी दिसणारा रोमन मजकूर होता. फॉन्ट गेला की मराठी गेली.

वस्तुतः सर्वसमान संकेत ठरवण्याचे काम आपल्याकडे वेळेवर झाले होते. प्रमुख भारतीय लिप्यांना एकच संकेतावली देणारे भारतीय मानक १३१९४ हे १९९१ सालचे. त्या कामाशी व मराठी लिहिण्याच्या साधनांशी पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेचा निकटचा संबंध आहे. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ घरे मिळाली व त्यांची मांडणी भारतीय संकेतावलीवरूनच घेतलेली होती. परंतु छापखाने, वृत्तपत्रे आणि टंकलेखनाची दुकाने आपापल्या फॉन्टांना चिकटून राहिली, आणि त्यांच्याकडे टंकून घेतलेले खाजगी कागद त्या त्या फॉन्टाबरोबर कैद झाले.

काकांच्या कागदाला त्याचा फॉन्ट शेवटी गावच्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या संगणकावर मिळाला. त्यानंतर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन वापरून आम्ही तो उतरवला आणि पुतणी व मी रोज संध्याकाळी दहा-दहा पाने मुळाशी ताडून पाहू लागलो. सतराव्या पानावर ती थांबली. आमचे मूळपुरुष "दर्या ओलांडून" आले असे तेथे उमटले होते. मी जुन्या फॉन्टातला मूळ मजकूर समोर धरला. काकांनी लिहिले होते "दऱ्या ओलांडून". र जोडून लिहिण्याची आडवी रेघ जाऊन तिच्या जागी माथ्यावरचा रफार आला होता, आणि एवढ्या एका खुणेने घाटावरून उतरलेले घराणे समुद्रापलीकडचे झाले होते. अशा एकशे चाळीस जागा आम्हांला सापडल्या. ही खूण हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी रचलेली साधने तिच्याकडे दुर्लक्ष करतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ती काढणे कठीण नाही: शिफ्टसह जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे पाय मोडणे, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. नवे दप्तर घेताना दुकानातच 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' हे तीन शब्द लिहून पाहावेत. ते साफ उमटले तर पुढे जावे.

अशीच गोष्ट ॲ ह्या अक्षराची. २००८ सालापर्यंत युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र घर नव्हते, म्हणून लोक अ वर चंद्र देऊन ते लिहीत. आज दोन्ही रीती चालतात, दिसावयास सारख्या दिसतात, परंतु संगणक त्यांना भिन्न मानतो. म्हणून संस्थेच्या सभासदांच्या यादीत ॲडव्होकेट हा शब्द शोधला असता निम्मीच नावे सापडतात. ल आणि श ह्यांचीही मराठी रूपे हिंदीहून वेगळी आहेत, आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व रूपे निश्चित केली आहेत. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे दप्तराला सांगितल्यावाचून मराठी रूप पुढे येत नाही.

हे सांगण्याची जागा प्रत्येक दप्तरात वेगळी. लिब्रेऑफिसमध्ये टूल्समधील ऑप्शन्स उघडून, भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ह्या चौकटीसमोर खूण करून मराठी निवडावी लागते. ते केले नाही तर मराठीचा फॉन्ट व अक्षरांचा आकार इंग्रजीहून वेगळा का राहतो हे नवख्याला उलगडत नाही आणि तो दप्तरालाच दोष देतो. एकदा दोन्ही लिप्यांचे फॉन्ट मूळ परिच्छेद-शैलीत ठरवून तो नमुना कायमचा जतन केला की पुढे त्रास नाही. लिब्रेऑफिसची सारी सूचनाफलके मराठीतही करून घेता येतात. शुद्धलेखन तपासण्यासाठी त्यात जे यंत्र आहे ते हंगेरीच्या लास्लो नेमेथ ह्यांनी रचलेले हनस्पेल. हंगेरियन भाषेतही एकेका शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लागतात, म्हणून त्या भाषेसाठी घडवलेले हे यंत्र 'घर', 'घरासमोर', 'घरासमोरच्यांनाही' अशा आपल्या रूपांना पेलू शकते. मराठी शब्दकोश अजून तोकडा आहे व बरोबर शब्दांखालीही तांबडी रेघ येते, तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका तो पकडतो. मायक्रोसॉफ्टचाही मराठी भाषासंच विनामूल्य मिळतो. टंकनासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट तर आहेच. २०१९ पासून रोमन उच्चारावरून मराठी उमटवणारा कळफलकही त्यात अंतर्भूत आहे, तेव्हा ह्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज संपली आहे. मी पुतणीला इनस्क्रिप्टच शिकवले. तीन आठवड्यांत तिचा हात बसला.

राहिला कागद कोणत्या रूपात ठेवावा हा मुद्दा. लिब्रेऑफिसचे ओडीएफ हे रूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. मायक्रोसॉफ्टचे डॉकएक्स व त्याची भावंडे २००८ साली झाली, आणि त्या वेळच्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. दोहोंची रचना प्रसिद्ध आहे, आणि दोन्ही दप्तरे आज परस्परांची रूपे उघडतात. म्हणून व्यवहार सोपा ठेवावा: घरी जपायचा कागद ओडीएफमध्ये, शाळा-महाविद्यालयास द्यावयाचा डॉकएक्समध्ये, आणि ज्यात कोणी फेरफार करू नये असा, म्हणजे अर्ज, सूचना, इतिवृत्त, तो पीडीएफमध्ये. आकड्यांसाठी यंत्राचा प्रदेश भारत असा ठरवून घ्यावा, म्हणजे एक लाखाचा स्वल्पविराम १,००,००० असा आपल्या रीतीने पडतो; वर्गणीची यादी वृद्ध सभासदांपुढे ठेवताना ह्या एका स्वल्पविरामाने पुष्कळ गैरसमज टळतात.

भावाच्या घरी अखेर लिब्रेऑफिस बसले, संयुक्त लेखनापुरते गूगल डॉक्स राहिले, आणि वहिनींच्या शाळेच्या नमुन्यांसाठी एकरकमी ऑफिसची एक प्रत घेतली. घरातल्या घरात दोन दप्तरे ठेवणे काहींना खटकेल. मला ती तडजोड प्रामाणिक वाटते, कारण शाळेचा नमुना बदलणे आमच्या हाती नव्हते. पुतणीचा पहिला प्रकल्प रायटरमध्ये लिहून डॉकएक्समध्ये गेला व कोणी काही विचारले नाही.

कुलवृत्तान्ताच्या आता तीन प्रती आहेत: एक ओडीएफमध्ये, एक पीडीएफमध्ये, आणि एक छापून बांधलेली, काकूंच्या कपाटात. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची हस्तलिखिते जुन्या फॉन्टांत टंकून सीडींवर वा जुन्या यंत्रांवर पडून आहेत, त्यांनी नव्या संगणकावर पहिले काम तेच करावे. तो फॉन्ट ओळखणारी माणसे, ते छापखाने आणि त्या सीडी वाचणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत.